आबांनी माझा गेम पहिल्याच डावात जिंकला

धुळ्याहून गावी येताना एसटीत माझ्या शेजारी सातवी-आठवीतला एक पोरगा बसला होता. मोबाइल आडवा धरून ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ खेळत होता. गेम इंडोनेशियाचा, पण त्यानं कुठल्या तरी यूट्यूबरचा मॉड टाकलेला, त्यामुळे स्क्रीनवर धावत होती आपली लालपरी. बोर्डसुद्धा मराठीत. म्हणजे खऱ्या एसटीत बसून पोरगा खोटी एसटी चालवत होता. फाट्यावरून गाडी आमच्या गावाच्या रस्त्याला वळली आणि दुसऱ्याच मिनिटाला असा खड्डा आला की त्याचं बोट घसरलं आणि गेममधली लालपरी झाडावर जाऊन आदळली. पोरगा वैतागून म्हणाला, “गेममधला रोड तरी बरा ऱ्हास!”

२०२३ ची दिवाळी होती. तो रस्ता त्याच वर्षी मार्चमध्ये झाला होता.

आमचं गाव शिंदखेड्यापासून फार लांब नाही. नाव लिहीत नाही, कारण पुढे कळेल. जमीन काळी, कापसाची. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगते. अशा मातीवर रस्ता करायचा तर खाली मुरमाचा चांगला थर लागतो, त्यावर खडी, पाणी मारून रोलर, आणि मग डांबर. हे मला शाळेपासून माहीत आहे, कारण माझे आबा रस्त्याच्या कामावर मुकादम आहेत. पंचवीसेक वर्षांपासून टोळी घेऊन जातात. लहानपणी त्यांच्या शर्टाला डांबराचा वास यायचा आणि मला तो आवडायचा.

आमच्या गावाचा तो रस्ताही आबांच्याच टोळीनं केला होता. आणि गणपतीच्या दिवसांत त्याच रस्त्यावर सुटलेल्या खडीवरून काकांची मोटरसायकल घसरली. मागे आई बसलेली होती. मनगट मोडलं. दिवाळीला मी घरी पोचले तेव्हा प्लास्टर निघालं होतं, पण भाकरी थापताना तिचा उजवा हात अजून अडखळत होता. घरात त्या रस्त्याबद्दल कुणी काही बोलत नव्हतं. आबा तर अजिबातच नाही.

मी पुण्यात गेम टेस्टिंगचं काम करते. लोकांना वाटतं, दिवसभर गेम खेळायचे पैसे मिळतात. खरं काम वेगळं आहे. एकाच भिंतीवर दोनशे वेळा धडकायचं आणि कुठून आरपार जाता येतं ते शोधायचं. गेम बनवणाऱ्यानं ज्या नियमाचा विचार केला नाही, ते भोक आपण शोधायचं आणि लिहून द्यायचं. दिवाळीच्या त्या सुट्टीत डोक्यात आलं, आपण रस्त्याचाच गेम केला तर? खेळणारा ठेकेदार. हातात मंजूर रक्कम. त्यातून रस्ता करायचा, पाकिटं वाटायची, स्वतःचा नफा काढायचा. मग पाऊस येणार आणि रस्ता किती टिकतो ते दिसणार.

कल्पना काही फार नवी नव्हती. २०११ मध्ये अण्णा हजारेंचं उपोषण चालू असताना ‘अँग्री बर्ड्स’च्या चालीवर ‘अँग्री अण्णा’ नावाचा गेम आला होता. त्यात भ्रष्ट नेत्यांवर नेम धरायचा. मी तेव्हा शाळेत होते, मामाच्या फोनवर खेळल्याचं आठवतं. मजा यायची, पण नेम बसला की संपलं. पैसा नेमका कुठून गळतो, ते त्यात कुठेच नव्हतं. उलट इटलीतल्या ‘मोलेइंडस्ट्रिया’वाल्यांनी २००६ मध्ये केलेला मॅकडोनाल्ड्सवरचा गेम मला कामाच्या निमित्तानं सापडला. त्यात तुम्हीच कंपनी चालवता, आणि थोड्या वेळात आपण अधिकाऱ्याला लाच देण्याचं बटन दाबलं, हे आपल्या लक्षात येतं. दाबलं नाही तर धंदा बसतो. ‘पेपर्स, प्लीज’ हा २०१३ चा गेमही तसाच. सीमेवरचा साधा कारकून, घरी मूल आजारी, समोर पासपोर्ट आणि त्याबरोबर सरकवलेले पैसे. असे गेम कुणाला शिव्या देत नाहीत. ते तुम्हाला खुर्चीत बसवतात.

आणि आपण लहानपणी खेळलो तो ‘व्यापार’? त्याचं मूळ मोनोपॉलीत, आणि मोनोपॉलीचं मूळ एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईच्या खेळात. १९०४ मध्ये तिला त्याचं पेटंट मिळालं. जमीनमालक भाडं खाऊन कसे गब्बर होतात, हे लोकांना दाखवायला तिनं तो केला होता. नियमांचे दोन संच होते. एकात सगळ्यांचं भलं होई, दुसऱ्यात एकजण बाकीच्यांना धुऊन काढी. लोकांनी दुसराच उचलला. गेम करताना ही बाई माझ्या डोक्यात होती, पण तिची गोष्ट नेमकी काय सांगते ते कळायला वेळ लागला.

तीन-चार महिने रात्री जागून मी गोडोमध्ये एक साधा गेम उभा केला. चित्रं बेताची, चार स्लायडर: मुरूम, खडी, डांबर, रोलिंग. बाजूला पाकिटांची यादी. खाली नफ्याचा आकडा. वर ढग. थर जास्त कापले तर तपासणी होऊन पकडले जाल, कमी कापले तर नफा नाही. पुण्यातल्या मित्रांनी खेळून बघितला. “भारी आहे,” म्हणाले. सगळे दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या पावसात पकडले गेले. मला वाटलं, बॅलन्स जमला.

२०२४ च्या उन्हाळ्यात गावी गेले तेव्हा दुपारी आबा ओट्यावर बसले होते. बाहेर पंचेचाळीसच्या आसपास तापमान, काम बंद. मी गेम टाकलेला फोन त्यांच्या हातात दिला. आबा फोनवर भजनं आणि कुस्त्या बघतात. गेम कधीच खेळलेले नव्हते.

“हाई काय शे?”

सांगितलं. त्यांनी चष्मा लावला. चारही स्लायडर वरखाली करून बघितले, जसं नवं घमेलं वाजवून बघतात तसं. मग विचारलं, “एम.बी. कोठे शे?”

एम.बी. म्हणजे मेजरमेंट बुक, मोजमाप पुस्तिका. कनिष्ठ अभियंता त्यात कामाचं माप लिहितो, वरचा अधिकारी तपासतो, आणि त्या मापावर बिल निघतं. गेममध्ये ती मी आपोआप भरणारी ठेवली होती. जेवढा थर टाकला तेवढा नोंदला जाणार. मला ती कंटाळवाणी कारकुनी वाटली होती.

आबा माझ्याकडे बघत राहिले. “आपेआप भराई जास? मग तुना गेम कसाना?”

पुढचा तासभर मी वहीत लिहीत होते आणि आबा बोलत होते. इतकं सलग ते माझ्याशी कधी बोलले असतील, आठवत नाही.

पहिली गोष्ट. रस्ता आधी वहीत होतो, मग जमिनीवर. वहीत ७५ मिलिमीटर खडी लिहिली की ठेकेदारापुरती ती ७५ मिलिमीटर झाली. दुसरी गोष्ट. वरचं कधी कापायचं नाही. वरचं डांबराचं कारपेट जेमतेम २० मिलिमीटरचं असतं, त्यातून वाचणार किती? आणि फोटो त्याचाच निघतो, फीत त्याच्यावरच कापतात. कापायचं ते खालून, जे झाकलं जाणार आहे ते. त्यांनी मला हिशेब करायला लावला. एक किलोमीटर रस्ता, पावणेचार मीटर रुंद, ७५ मिलिमीटर दाबलेली खडी: २८१ घनमीटर. तीच ५० मिलिमीटर टाकली तर १८७. फरक ९४ घनमीटरच्या आसपास, म्हणजे ३३ ब्रास. एका थरात, एका किलोमीटरला. “आते सांग,” आबा म्हणाले, “डांबरनी चोरी कोन करी?”

तिसरी गोष्ट, जुना रस्ता. जिथं आधीच खडी आहे तिथं ती उकरून, पसरून, नवी म्हणून लावता येते. चौथी, मार्च. ३१ मार्चच्या आत निधी खर्च झाला नाही तर परत जातो, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळीकडे एकदम कामं निघतात. रोलर एक आणि रस्ते चार. तेव्हा रोलिंग कमी पडतं ते दर वेळी चोरी म्हणून नाही, नुसत्या घाईनंही. (हे मला महत्त्वाचं वाटलं. माझ्या गेममध्ये प्रत्येक चूक ही लबाडी होती.) पाचवी, तपासणीचा खड्डा. तपासणी करणारे रस्ता खोदून थर मोजतात, पण गाडी कुठं थांबेल, सावली कुठं आहे, हे कामावरच्या माणसाला माहीत असतं. तिथं माल पूर्ण टाकायचा.

आणि फोटो. जीपीएसचा शिक्का असलेला फोटो म्हणजे हल्ली पुरावा. आबा हसले. फोटो जागा सांगतो, जाडी सांगत नाही. रोजगार हमीच्या हजेरीत तर फोटोचाच फोटो काढून चढवतात, असं ते तेव्हा म्हणाले, आणि मला ती अतिशयोक्ती वाटली. पुढे जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानं याच प्रकाराबद्दल राज्यांना पत्र लिहिलं.

हे सगळं बोलून झाल्यावर त्यांनी गेम खेळला. जुगाड करून मी एम.बी. हातानं भरायची सोय तिथंच करून दिली होती. पहिल्याच डावात ते जिंकले. सर्वांत जास्त नफा, तपासणीत पास, एकही तक्रार नाही. स्क्रीनवर दुसऱ्या पावसात रस्ता उखडला, पण तोवर बिल निघालेलं होतं. आबा खूश झाले. खरंच खूश, पत्त्यात जिंकल्यासारखे. मॅगीबाईची गोष्ट मला त्या ओट्यावर कळली.

आतून आईनं विचारलं, काय चाललंय एवढं. आबांनी फोन माझ्याकडे दिला आणि पाणी प्यायला उठले.

मी तेव्हा काही बोलले नाही. पण एक कळलं होतं. मी आबांना सरळ विचारलं असतं, की आपल्या गावाच्या रस्त्यात काय झालं, तर ते उठून गेले असते. गेम हातात दिला तर त्यांनी पानंच्या पानं उलगडून दाखवली. कुणावर आरोप नाही, कुणाचं नाव नाही, स्वतःचीही कबुली नाही. ‘असं करतात’ एवढंच.

आपल्याकडे अशा गोष्टी बाहेर आल्या त्या बहुतेक आतल्या माणसानं कागद उघडल्यावरच. जळगावचं घरकुल प्रकरण घ्या. अकरा हजारांवर घरं बांधायची होती, उभी राहिली दीडेक हजार. २००६ मध्ये तेव्हाचे महापालिका आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली. निकाल लागला ३१ ऑगस्ट २०१९ ला, आपल्या धुळ्याच्या विशेष न्यायालयात. माजी मंत्र्यासह ४८ जण दोषी ठरले. ते पुढे अपिलात गेले. मी त्या दिवशी धुळ्यातच होते. कोर्टाबाहेरची गर्दी बघून रिक्षावाला म्हणाला, तेरा वर्षं लागली. सिंचनाचंही तसंच. २०१२ मध्ये मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी पत्रं लिहिली, तेव्हा राज्याला ऐकू आलं. बाहेरच्यांना धरण दिसत होतं, अंदाजपत्रक दिसत नव्हतं.

मग मी एक चूक केली. आबांना न सांगता पुण्याहून माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, साधा कागद. आमच्या रस्त्याचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेच्या प्रती, चाचणीचे अहवाल. कायद्यात मुदत तीस दिवसांची आहे. कार्यालयाकडून उत्तर यायच्या कितीतरी आधी ठेकेदाराचा माणूस आमच्या ओट्यावर येऊन चहा पिऊन गेला. धमकी वगैरे काही नाही. “पोरगी हुशार शे,” एवढंच म्हणाला.

त्यानंतर आबांना कामावर बोलावणं आलं नाही. एक महिना, दोन महिने. टोळीतल्या लोकांना दुसऱ्या मुकादमाकडे जावं लागलं. आबा पावसाळ्यानंतर दोंडाईच्याच्या एका जिनिंगवर रोजानं जायला लागले. मला हे कुणी सांगितलं नाही. फोनवर मागून यंत्राचा आवाज आला म्हणून कळलं.

आईनं मात्र सुनावलं. “तुले पुनाले नोकरी शे. आम्हले आठेच ऱ्हावानं शे.” मग तिनं दोन नावं घेतली. एक तळेगावच्या सतीश शेट्टींचं. माहिती अधिकारात जमिनीचे व्यवहार खणून काढणाऱ्या त्या माणसाचा जानेवारी २०१० मध्ये खून झाला, हे तिनं टीव्हीवर बघितलं होतं. दुसरं नाव तिला टीव्हीवर बघायची गरज नव्हती. विखरणचे धर्मा पाटील. आमच्याच तालुक्यातले. सौरऊर्जा प्रकल्पासाठी त्यांची पाच एकर जमीन गेली आणि मोबदला आला चार लाखांच्या आसपास. जवळच्याच दुसऱ्या जमिनीला कोटीच्या वर मिळाले. तोच तालुका, तेच ऊन, तोच प्रकल्प, फक्त कागदावरचा आकडा वेगळा. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस तो आकडा बदलून मागत फिरत राहिला. २२ जानेवारी २०१८ ला मंत्रालयात त्यांनी विष घेतलं, सहा दिवसांनी गेले. आमच्या भागात ‘कागदाच्या मागं लागू नको’ असं कुणी म्हटलं की त्यात भित्रेपणा शोधू नका.

मी अर्ज मागे घेणार होते. तसं आबांना फोनवर सांगितलंही. ते गप्प राहिले, मग म्हणाले, आता नाव झालंच आहे तर कागद तरी येऊ दे. एक अट घातली: गेममध्ये गावाचं नाव टाकायचं नाही, ठेकेदाराचंही नाही. आकडे टाक.

पहिल्या उत्तरात फक्त अंदाजपत्रक आलं. अपील केल्यावर मोजमाप पुस्तिकेच्या झेरॉक्स आल्या, इतक्या फिकट की फोनवर काळ्या करून वाचाव्या लागल्या. खडीचा थर: ७५ मिलिमीटर, सगळीकडे, साखळीच्या प्रत्येक टप्प्याला, एक मिलिमीटर इकडेतिकडे नाही. आबा ते बघून म्हणाले, खऱ्या रस्त्याचं माप असं कधी येत नाही. कुठं ७०, कुठं ८०. एवढं सरळ फक्त पेन चालतं.

पुढच्या दिवाळीत आम्ही दोघं टेप घेऊन रस्त्यावर गेलो. जिथं कड तुटून थर उघडा पडला होता तिथं पाच ठिकाणी मोजलं. ५० च्या वर एकदाही गेलं नाही. मी उड्या मारायला लागले, तर त्यांनीच थांबवलं. तुटलेली कड म्हणजे पुरावा नाही, कडेला थर पसरतोच, कुणीही अभियंता हे सांगून तुला वाटेला लावेल. माहिती अधिकाराच्या कायद्यात नुसते कागद नाहीत, कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क आहे. तो मागायचा तर रस्ता मधोमध, अधिकाऱ्यासमोर खोदावा लागेल. तो अर्ज आम्ही अजून केलेला नाही. कधी करायचा ते आबा ठरवणार आहेत. या वेळी मी विचारलं.

गेम मात्र मी बदलला. आता तो एम.बी.पासून सुरू होतो. स्लायडरच्या आधी वही उघडते. खेळणारा ठेकेदार होऊ शकतो, कनिष्ठ अभियंता होऊ शकतो, आणि आबांच्या सांगण्यावरून मुकादमही. मुकादमाच्या डावात नफ्याचा आकडाच नाही. तिथं फक्त उद्या काम आहे की नाही एवढंच दिसतं. आणि पावसानंतर आणखी एक डाव: गावातला कुणीही. त्याच्या हातात टेप, दहा रुपये आणि तीस दिवस. हा डाव सगळ्यांत अवघड झाला आहे, टेस्टरांची तक्रार आहे की कंटाळवाणाही. कंटाळा मी मुद्दाम ठेवलाय. खरं सांगायचं तर तो कमी कसा करायचा, ते मला जमलेलंही नाही.

गेम फुकट ठेवला, लिंक गावातल्या दोन-तीन पोरांना दिली. ती पोरं बीजीएमआय सोडून हे खेळतील अशी माझी अपेक्षा नव्हती, आणि ती खेळलीही नाहीत फार. एका शनिवारी पंधराएक जणांनी खेळला, ठेकेदार होऊन कोण किती खातो याची पैज लावली. मला पोटात गोळा आला. पण मग १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत पेव्हर ब्लॉकच्या कामाचा विषय निघाला, तेव्हा त्यातलाच एक जण, बारावीचा, उभा राहून म्हणाला, “एम.बी. वाचून दाखवा.” सभेत काही क्षण कुणाला समजेना तो काय मागतोय. ग्रामसेवकांना समजलं. पुढच्या सभेत आणतो, म्हणाले. पुढच्या सभेत आणली नाही. पोरगा पुन्हा उभा राहिला, या वेळी त्याच्याबरोबर आणखी दोघं.

आमच्या रस्त्याला नंतर ठिगळं लागली. फलकावर देखभालीची मुदत पाच वर्षं लिहिलेली आहे, त्यामुळे ती फुकटात लागली. आईचं मनगट थंडीत दुखतं. आबांना एका दुसऱ्या ठेकेदारानं बोलावलं आहे, नंदुरबारकडे, लांब पडतं, पण जातात.

मी सध्या नवा टप्पा करतेय, मोरीचा. नाल्यावर सिमेंटचे पाइप टाकून वर रस्ता नेतात ती मोरी. कागदावर जाड पाइप, जमिनीत त्याच मापाचा पातळ. भराव टाकला की काही दिसत नाही. परवा रात्री आबांचा फोन आला.

“त्या मोरीले पाइप कितलाना टाका तू?”

“नऊशेचा.”

“कागदवर का जमीनमा?”

मी लॅपटॉप पुन्हा उघडला.